पॅकिसीरियस

पॅकिसीरियस : (ग्रीक ‘पॅकिस’ म्हणजे जाड व लॅटिन ‘सीरियस’ म्हणजे मेणबत्ती, यांवरून). निवडुंग कुलातील (कॅक्टेसी) वृक्षाप्रमाणे वाढणाऱ्या, स्तंभाकृती जातींच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव. हिच्या जवळजवळ सर्व जाती मूळच्या मेक्सिकोतील आहेत. त्यांची संख्या मात्र निश्चित सांगता येत नाही. प्रजातीची मर्यादा व्यापक मानल्यास सु. डझनभर जाती तीत येतात, तर आप्तसंबंधांच्या काटेकोर कसोटीवर त्यांपैकी निम्म्याच उरतात. कुंडीत मावणाऱ्या निवडुंगांवरून या वनस्पतींची कल्पना येणे कठीण आहे. यांतील काही जाती चारमजली घराइतक्या उंच होतात व त्यांच्या बुंध्याला मनुष्याच्या दोन्ही हातांची कव पुरत नाही.

महाराष्ट्रात कुंपणाला लावलेला किंवा डोंगरउतारावर आपोआप वाढलेला त्रिधारी निवडुंग दिसण्यात या वनस्पतींसारखा असला, तरी तो एरंड कुलातील (यूफोर्बिएसी) आहे. त्याचे खोड चिरल्यास पांढरा चीक वाहतो व त्याचे काटे जोडीजोडीने असतात. पॅकिसीरियसमध्ये असा चीक नसतो आणि काट्यांचे झुबके खोडावरील लहान, लोकरी उशीसारख्या उंचवट्यांवर उगवतात. हे उंचवटे हे निवडुंग कुलाचे खास लक्षण होय. काटे व लोकर तर त्यांतून येतातच, पण फुलेही त्यांतूनच उमलतात. दोन्ही कुलांतील साम्य रुक्ष हवामानाशी स्वतंत्रपणे झालेल्या जुळणीचे फळ आहे. त्यात नाते नाही.

खोड व अंतर्रचना : बहुतेक जातींत आखूड, जाड बुंधा असतो व त्यापासून थोड्या उंचीवर अनेक फांद्या फुटून समईच्या किंवा झुंबराच्या आकाराचा माथा बनतो. खोडावर उभे कंगोरे असतात; कार्दोन या जातीत ते साधारणपणे १० ते १६, तर सेनितात बरेच कमी. कंगोऱ्यांचा उपयोग लोहाराच्या भात्याप्रमाणे होतो. पावसानंतर खोड पाण्याने फुगते तेव्हा खाचा उथळ होतात आणि दीर्घ अवर्षणात त्या पुन्हा खोल जातात; त्यामुळे साल न फाटता घेर कमी-अधिक होऊ शकतो. पाने नाममात्र असल्याने अन्ननिर्मितीचे काम हिरवे खोडच करते. त्वचेवरील रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री, हवा थंड असताना, उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड कार्बनी अम्लाच्या रूपात साठविला जातो व दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून शर्करा तयार होते. पाण्याची बचत होते खरी, पण या पद्धतीने वाढ अतिशय मंद होते. मोठा कार्दोन काही शतके जुना असतो, तो यामुळेच.

एवढा रसाळ, पाण्याने भरलेला भार उभा कसा राहतो, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर आतील काष्ठात सापडते. मध्यभागी असलेल्या भेंडाभोवती काष्ठाच्या उभ्या पट्ट्यांचे कडे असते. कोवळ्या भागात या पट्ट्या सुट्या असतात. जुन्या बुंध्यात त्या परस्परांना जुळून मजबूत लाकडी नळी बनते. झाड मेल्यावर मांसल भाग कुजून जातो आणि हा सांगाडा वाळवंटात कित्येक वर्षे उभा राहतो. वनस्पतिविज्ञानाच्या दृष्टीने ‘वृक्ष’ ही संज्ञा या प्रजातीस केवळ उंचीमुळे नव्हे, तर या खऱ्या काष्ठामुळे लागू पडते.

फुले व फळे : फुले द्विलिंगी (कार्दोन हा अपवाद), घंटेसारखी किंवा नसराळ्यासारखी, बहुधा पांढरी वा फिकट गुलाबी, परिदले व केसरदले असंख्य, किंजपुट अधःस्थ, एकाच कप्प्याचे व अनेक बीजकयुक्त. किंजपुटाच्या बाहेरील बाजूस खवले असून त्यांच्या बगलेत लोकर, राठ केस किंवा काटे असतात. फळ मांसल पण बाहेरून काटेरी वा केसाळ. पिकल्यावर काही जातींत ते फुटून आतील गर व काळ्या चकचकीत बिया दिसू लागतात. वटवाघळे, पारवे, सुतार पक्षी व मुंग्या यांच्याद्वारे बियांचा प्रसार होतो.

कार्दोन (पॅकिसीरियस प्रिंग्लेई) : ही प्रजातीची नमुना जाती. ‘कार्दोन’ हे नाव स्पॅनिश असून त्याचा मूळ अर्थ मोठे काटेझाड असा आहे. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प, सोनोरा राज्याचा किनारी पट्टा व त्यांमधील आखातातील बेटे एवढाच हिचा नैसर्गिक प्रदेश. सामान्यतः १० ते १५ मी. उंची असते, सु. १९ मी. उंचीचा नमुना नोंदला गेला असून निवडुंगांतील ती सर्वाधिक उंचींपैकी एक आहे. जवळच्याच ॲरिझोनातील सग्वारो (कार्नेगिया जायगँशिया) या सुप्रसिद्ध निवडुंगाशी हिची नेहमी गल्लत होते. कार्दोनाच्या फांद्या बुंध्याच्या बऱ्याच खालच्या भागापासून निघतात, कंगोरे संख्येने कमी असतात व एकंदर बांधा अधिक अवजड असतो. शिवाय ही जाती कडाक्याच्या थंडीला सग्वारोइतके तोंड देऊ शकत नाही. उत्तरेकडे तिचा विस्तार थांबतो तो त्यामुळे.

ज्या खडकावर मातीचा थरही नाही अशा लाव्हाच्या उघड्या पृष्ठावर कार्दोनाची रोपे वाढताना आढळतात. मेक्सिकोतील संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, त्यांच्या मुळांवर व खुद्द बियांच्या आतही विशिष्ट सूक्ष्मजंतू असतात. ते खडक विरघळवून त्यातील खनिजे रोपाला मिळवून देतात. बी रुजतानाच हा सोबती रोपाबरोबर येतो, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सपाट, मातीच्या जमिनीवर मात्र रोपे बहुधा मेस्कीटसारख्या (आपल्याकडील वेड्या बाभळीच्या आप्त) झुडपांच्या सावलीत तग धरतात. तेथील माती अधिक सकस असते व ऊन कमी लागते.

कार्दोनाच्या फुलांची व्यवस्था निवडुंगांत दुर्मिळ आहे. या जातीत केवळ पुं-पुष्पे, केवळ स्त्री-पुष्पे आणि द्विलिंगी फुले धारण करणारी, अशी तीन प्रकारची झाडे एकाच टापूत असू शकतात. टी. एच. फ्लेमिंग व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये सोनोराच्या किनाऱ्यावरील झाडांचा अभ्यास करून ही त्रिविध स्थिती सिद्ध केली. पुढील अभ्यासात असे दिसले की, वटवाघळांच्या मोठ्या वसतिस्थानांपासून दूर गेल्यावर निव्वळ पुं-झाडे आढळत नाहीत. तेथे द्विलिंगी व स्त्री-झाडेच राहतात. कारण समजण्यासारखे आहे. द्विलिंगी झाडाला स्वतःच्या परागांनीही फळ धरता येते, म्हणून परागवाहक कमी असले तरी त्याचे चालते. ज्या झाडाजवळ एकच लिंग आहे, त्याचे सारे भवितव्य रात्री येणाऱ्या पाहुण्यावर अवलंबून असते.

हा पाहुणा म्हणजे लेप्टोनिक्टेरिस येर्बाब्युने ही मधुरसावर जगणारी वटवाघळाची जाती. वसंत ऋतूत गाभण माद्या मध्य मेक्सिकोकडून उत्तरेस स्थलांतर करतात आणि वाटेत एकामागून एक फुलणाऱ्या स्तंभाकृती निवडुंगांवर निर्वाह करतात. कार्दोनाचे फूल सूर्यास्तानंतर उमलते व दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर मिटते. सकाळच्या प्रहरी मधमाश्या व पक्षीही त्याला भेट देतात, पण मुख्य काम रात्रीच झालेले असते. या वटवाघळांची संख्या घटल्याने १९८८ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यांना संकटग्रस्त ठरविण्यात आले होते. गुहांना संरक्षण मिळाल्यावर संख्या सावरली व २०१८ मध्ये त्यांचे नाव यादीतून वगळण्यात आले. सस्तन प्राण्याने परागणासारख्या कामात बजावलेल्या भूमिकेचे हे ठळक उदाहरण आहे.

सेनिता (पॅकिसीरियस शॉटाय किंवा लोफोसीरियस शॉटाय) : ही जाती कार्दोनाच्या मानाने लहान, जमिनीपासूनच अनेक खोडांचे बेट करणारी. जुन्या खोडांच्या शेंड्यांवर करड्या, राठ केसांच्या लांब दाढ्या वाढतात व त्यांच्यातूनच लहान गुलाबी फुले बाहेर डोकावतात. मेक्सिकोबाहेर ती फक्त ॲरिझोनाच्या दक्षिण सीमेवर, ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकाच्या परिसरात, नैसर्गिकपणे आढळते.

सेनिताचे परागण वटवाघळे करीत नाहीत. ते काम उपिगा व्हायरसेन्स या लहानशा पतंगाकडे आहे. फ्लेमिंग व जे. एन. हॉलंड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवरून पुढील क्रम कळून आला. मादी आपल्या शरीरावर पराग गोळा करते, दुसऱ्या फुलाच्या किंजल्कावर ते मुद्दाम घासते व नंतर त्याच फुलात एक अंडे घालते. अळी फळाच्या आत शिरून बिया खाते. म्हणजे झाड परागणाचा मोबदला आपल्या अपत्यांनीच चुकविते. तरीही सौदा आतबट्ट्याचा ठरत नाही. कारण बरीच फुले फळ न धरताच गळून पडतात, त्यांतील अळ्या त्यांच्याबरोबर नष्ट होतात आणि पतंगांची संख्या आपोआप आवाक्यात राहते. याच प्रकारचे सहजीवन युका व युका-पतंग यांच्यात एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. वनस्पतींत अशी उदाहरणे मोजकीच आहेत.

सेनिताशी आणखी एका कीटकाचे भाग्य बांधलेले आहे. तिच्या खोडात पिलोसेरीन, लोफोसेरीन अशी अल्कलॉइडे असून इतर फळमाश्यांना ती विषारी असतात. ड्रॉसोफिला पॅकिया ही माशी मात्र केवळ सेनिताच्या कुजणाऱ्या खोडातच वाढते. डब्ल्यू. बी. हीड व एच. डब्ल्यू. किर्चर यांनी १९६५ मध्ये याचे कारण शोधून काढले. कात टाकण्यास लागणारे संप्रेरक बनविण्यासाठी सर्व कीटकांना आहारातून स्टेरॉल घ्यावे लागते. या माशीला नेहमीचे कोलेस्टेरॉल चालत नाही, तर सेनितात असणारी विशिष्ट स्टेरॉलेच लागतात. तिच्या एका जनुकात झालेले बदल याच्या मुळाशी असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. विष पचविण्याची क्षमता आली, पण त्याबरोबर दुसरीकडे जाण्याची वाट बंद झाली.

इतर जाती : पॅकिसीरियस पेक्टेन-ॲबोरिजिनम ही जाती पश्चिम मेक्सिकोत ‘हेचो’ किंवा ‘एचो’ या नावाने ओळखली जाते. शास्त्रीय नावातील गुणनामाचा अर्थ ‘आदिवासींची फणी’ असा असून, फळावरील लांब, ताठ राठ केसांचा केस विंचरण्यासाठी होत असलेला उपयोग त्यातून सूचित होतो. बियांचे पीठ करून खातात. पॅ. वेबेरी ही दक्षिणेकडील प्वेब्ला व ओआहाका राज्यांतील जाती. तिच्या निळसर, जवळजवळ सरळ उभ्या फांद्यांची संख्या शेकड्यांत जाते आणि तेवाकान-क्विकाट्लान खोऱ्यात (२०१८ पासून जागतिक वारसा स्थळ) तिची रानेच्या राने आहेत. पॅ. मार्जिनॅटस मध्य मेक्सिकोत सजीव कुंपण म्हणून एकापुढे एक लावतात. कुडाच्या काठ्यांप्रमाणे सरळ, फांद्या न फुटणारी खोडे व कंगोऱ्यांच्या कडेवरील पांढरी लोकरी रेघ यांवरून ती लगेच ओळखता येते. तिची अरुंद, नळीसारखी फुले दिवसाही उघडी राहतात व गुंजन पक्षी आणि मधमाश्या त्यांना भेट देतात. पॅ. मिलिटॅरिसच्या फुलणाऱ्या फांद्यांच्या टोकांवर सोनेरी-तपकिरी केसांचा दाट टोप असतो. जुन्या काळच्या ग्रेनेडियर सैनिकांच्या केसाळ टोपीशी असलेल्या साम्यामुळे तिला हे नाव मिळाले.

वर्गीकरण : एकोणिसाव्या शतकात उंच, कंगोरेदार खोडाचा जवळजवळ प्रत्येक निवडुंग सीरियस या एकाच विस्तृत प्रजातीत घातला जाई. जॉर्ज एंगेलमान यांनी १८४८ मध्ये सग्वारोचे व पुढे १८५६ मध्ये सेनिताचे वर्णन केले ते सीरियस म्हणूनच. सरीनो वॉटसन यांनी १८८५ मध्ये कार्दोनाला सीरियस प्रिंग्लेई हे नाव संग्राहक सायरस प्रिंगल यांच्या गौरवार्थ दिले. १९०५ मध्ये आल्विन बर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी सीरियसचे पोटविभाग पाडले. त्यांपैकी एकाचे नाव पॅकिसीरियस होते. न्यूयॉर्कचे एन. एल. ब्रिटन व वॉशिंग्टनचे जे. एन. रोझ यांनी १९०९ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. सग्वारोसाठी त्यांनी आदल्याच वर्षी कार्नेगिया व सेनितासाठी १९०९ मध्ये लोफोसीरियस या प्रजाती केल्या. त्यांचा चार खंडांचा ग्रंथ (१९१९–२३) प्रसिद्ध झाल्यावर ही नावे रूढ झाली. कुर्ट बाकेबेर्ग यांनी पुढे आणखी बारीक तुकडे पाडले आणि एकेका जातीची प्रजाती करण्याची प्रथा पडली.

याची प्रतिक्रिया अपरिहार्य होती. १९८० नंतर निवडुंगतज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रजातींची संख्या कमी करण्याचे धोरण अंगीकारले. त्याला अनुसरून डी. आर. हंट यांनी १९८७ मध्ये सेनिता व टोपधारी मिलिटॅरिस यांना पॅकिसीरियसमध्ये आणले. व्यवहारात हे सोयीचे होते. पण अशा रीतीने विस्तारलेल्या प्रजातीस एकत्र बांधणारे लक्षण कोणते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. जाड खोड, मोठा आकार, काटेरी फळ ही लक्षणे इतर वृक्षसदृश निवडुंगांतही आहेत.

त्याआधी १९७८ मध्ये ए. सी. गिब्सन व के. ई. होरॅक यांनी वेगळ्या दिशेने प्रयत्न केला होता. बाह्य रूपापेक्षा त्वचेतील स्फटिक, खोडातील रसायने व बियांच्या देठांतील कोशिका यांवर भर देऊन त्यांनी मेक्सिकोतील स्तंभाकृती निवडुंगांचे दोन गट केले. पहिल्यात (पॅकिसीरिनी) अल्कलॉइडे प्रमुख, तर दुसऱ्यात (स्टेनोसीरिनी) ट्रायटर्पिनॉइडे प्रमुख व त्वचेत सिलिकेचे कण. कार्दोन, हेचो, सेनिता व सग्वारो हे सर्व पहिल्या गटात पडले. हेचो व सग्वारो यांत तर कार्नेगीन हे एकच अल्कलॉइड आढळते. पुढील संशोधनात या विभागणीचा मोठा भाग टिकला, हे त्या पद्धतीचे श्रेय होय.

एस. आरियास, टी. टेर्राझास व के. कॅमेरॉन यांनी २००३ मध्ये हरितकणू व केंद्रक यांतील डीएनएच्या आधारे व्यापक पॅकिसीरियसची तपासणी केली, तेव्हा ती प्रजाती एकाच पूर्वजापासून निघालेली नाही असे स्पष्ट झाले. सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष सेनिता व कुंपणाचा मार्जिनॅटस यांच्याविषयीचा होता. एक केसाळ दाढीचा, बेटे करणारा व पतंगावर अवलंबून असलेला. दुसरा कुडासारखा सरळ व पक्ष्यांना मध देणारा. तरीही ते परस्परांचे सर्वांत जवळचे आप्त ठरले. त्यामुळे आज बहुतेक तज्ञ दोघांनाही लोफोसीरियसमध्ये ठेवतात आणि पॅकिसीरियस हे नाव कार्दोन, हेचो, ग्रँडिस व त्यांच्या निकटच्या जातींपुरते वापरतात. फुलाचा आकार व रंग हे परागवाहकाच्या सोयीने लवकर बदलतात, म्हणून प्रजाती ठरविताना त्यांवर एकट्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, हे या प्रकरणातून दिसले.

वाद येथेच मिटला असे नाही. सग्वारो या मंडळीत नेमका कोठे बसतो, हे ठरविण्यासाठी २०१७ मध्ये डी. कॉपेट्टी व सहकाऱ्यांनी सग्वारो, कार्दोन, सेनिता व स्टेनोसीरियस यांच्या समग्र जनुकसंचांची तुलना केली. वेगवेगळ्या जनुकांवरून वेगवेगळे वंशवृक्ष निघाले. हे निवडुंग पिढ्यांच्या हिशोबाने अल्पावधीतच एकमेकांपासून विलग झाले. त्यांची एकेक पिढी दीर्घ असते आणि पूर्वजांतील जनुकांची विविध रूपे निरनिराळ्या वंशांत तशीच उतरत गेली. अशा वेळी एका जनुकाची साक्ष साऱ्या वनस्पतीची साक्ष मानता येत नाही. निसर्गात या प्रजातींत संकरही होतात. बाहा कॅलिफोर्नियातील एक विचित्र निवडुंग प्रथम पॅकिसीरियस ऑर्कटाय ही स्वतंत्र जाती मानला जाई. कार्दोन व सोनेरी काट्यांचा लहान बर्गरोकॅक्टस एमोरी यांचा तो संकर असल्याचे रीड मोरान यांनी १९६२ मध्ये दाखविले. कार्दोन चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला) असल्याचेही आढळले आहे. या कुलातील मूळ गुणसूत्र-संख्या ११ आहे.

नावांचा हा खल केवळ विद्वानांपुरता मर्यादित नाही. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराने (१९७३) निवडुंग कुलातील बहुतेक सर्व जातींच्या व्यापारावर निर्बंध घातले असून पॅकिसीरियस मिलिटॅरिस ही जाती त्याच नावाने सर्वांत कडक परिशिष्टात घातली गेली. शौकिनांना तिचे टोपधारी शेंडे हवे असतात व ते तोडले की झाडाचे फुलणे थांबते. सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या यादीत एक नाव व वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात दुसरे, अशी स्थिती असल्यास संरक्षणात पळवाट राहते. म्हणून नव्या नावांबरोबर जुनी नावेही नोंदण्याची दक्षता घ्यावी लागते.

उपयोग व लागवड : कार्दोनाच्या काष्ठपट्ट्या झोपड्यांचे वासे, कुंपणे व काठ्या यांसाठी वापरात होत्या. सोनोरा किनाऱ्यावरील सेरी लोक त्याची फळे खात व बिया दळून ठेवत. बागांत पॅ. मार्जिनॅटस व सेनिताचा काटे जवळजवळ नसलेला, गाठाळ प्रकार विशेष लोकप्रिय आहेत. हा गाठाळ प्रकार तुटलेल्या फांद्यांपासूनच वाढवितात. लागवडीसाठी पाण्याचा उत्तम निचरा होणारी, खडीमिश्रित जमीन व भरपूर ऊन लागते. छाटलेला तुकडा सावलीत ठेवून त्याचे तोंड पूर्ण सुकल्यावरच लावावा, अन्यथा तो कुजतो. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये. बियांपासूनही रोपे होतात, परंतु पहिली काही वर्षे ती बोटाएवढीच राहतात.